आडवा हात

"कुणी म्हणजे कुणी माझ्यावर विश्वास ठेवत नाही, बाबा! त्या फोटोत तिचं तोंड दिसतच नव्हतं. मग माझा दोष काय, सांगा ना?"

केराबाई तकियाच्या पायरीवर चपला काढता काढताच बोलायला लागली. सलाम नाही, रामराम नाही.

दावलबाबा चिंचेखाली बसून राखेनं चिमटा घासत होते. ऐंशी ओलांडलेला फकीर; तकिया हेच त्यांचं घर. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी पाणी पी."

"पाणी नको. न्याय पाहिजे."

"न्याय तालुक्याला मिळतो. इथं पाणी मिळतं."

ती पाणी प्यायली. रिकामा तांब्या तिनं असा आदळला, की फांदीवरचा कावळा उडाला.

केराबाई चौथी शिकलेली. पण हातात मोबाइल आला आणि बाईला पंख फुटले. भाचीनं, पल्लवीनं, तिला ब्लॉग काढून दिला. नाव ठेवलं 'केराबाईची नजर'. बोललं की अक्षरं आपोआप उमटायची. बाजारातली वांगी, टम्म फुगलेली भाकरी, चुलीपाशी झोपलेलं मांजर. दिसेल त्याचा फोटो आणि खाली चार फटकळ ओळी. गाव हसलं. मग परगावची माणसं वाचायला लागली, तेव्हा गावाचं हसू आटलं.

आणि वच्छला तिची मैत्रीण. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी या गावात आल्या, एकाच विहिरीवर पाणी भरलं.

वच्छलेच्या डोक्यात अकरा वर्षांची जट होती. देवीची म्हणून सासूनं हळदीकुंकू लावून पुजलेली. मंगळवारी बाया येऊन वच्छलेच्या पाया पडायच्या. पण त्या ओझ्यानं मान वाकडी झाली होती, ते कुणाला दिसत नव्हतं. केराबाईला दिसलं. तिनं वर्षभर समजावलं आणि एका दुपारी आपल्या परसात, स्वतःच्या हातानं, कात्री लावून जट उतरवली.

ठरलं होतं एवढंच. वच्छला डोक्यावरून पदर घेऊन राहील. धीर झाला की सासूला स्वतःच्या तोंडानं सांगेल.

ती सांगायच्या आधी फोटो गावभर झाला.

"आता सासू तिच्या हातचं पाणी घेत नाही," केराबाई म्हणाली. "गोठ्यात चूल मांडून दिलीय तिला. म्हणते, देवीचं देवी बघून घेईल, पण तू मला का फसवलंस? आणि वच्छला... मी दारात गेले की आतून कडी लावते. एकतीस वर्षं झाली, बाबा. मला कडी!"

"कुणामुळं झालं हे?"

"त्या सोपान गिरणीवाल्यामुळं! मेल्यानं माझ्या ब्लॉगवरचा फोटो उचलला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ओळखा पाहू कोण."

"अजून?"

"पल्लवी. तिनंच हा नाद लावला. आणि ते वाचणारे. 'शाब्बास ताई, अजून टाका ताई.' एकाच्या तरी डोक्यात आलं का, की ह्या बाईला घर आहे, सासू आहे?"

"फोटो अजून आहे?"

"माझ्याकडचा काढून टाकला. पण गावाच्या मोबाइलातून कसा काढू?" तिनं पदर खोचला. "तिची सासू तुमचा शब्द मानते. चला माझ्याबरोबर. एवढंच सांगा, केराची चूक नाही."

बाबांनी चिमटा बाजूला ठेवला. राखेचा हात धोतराला पुसला आणि पुढं केला.

"दाखव."

"आता कशाला..."

"दाखव."

ग्रुपवरचाच फोटो तिनं काढून दिला. बाबांनी मोबाइल हातभर लांब धरला.

वर्तमानपत्रावर पडलेली जट. भिजलेल्या दोरखंडासारखी. मागं वच्छला, कॅमेऱ्याकडं वळलेली. तोंडासमोर हात आडवा. कोपराच्या खाली हिरवा विंचू गोंदलेला, नांगी वर केलेला.

"असा विंचू गावात किती जणींच्या हातावर आहे?"

"...हिच्याच."

"हात मधे कसा आला?"

केराबाईनं मोबाइल परत घ्यायला हात पुढं केला.

"माशा वारत होती?"

"चेष्टा करू नका, बाबा."

"मग?"

चिंचेचा पाला पडत होता. तिनं मांडीवर पडलेलं एक पान उचललं, चुरगाळलं, दुसरं उचललं.

"नको म्हणत होती," ती म्हणाली. आवाज पार खाली गेला होता. "'नको गं केरे' म्हणाली आणि हात आडवा केला. तेवढ्यात माझं बोट दाबलं गेलं. नंतर बघितलं, तर तोंड झाकलेलं. म्हटलं, आता टाकायला काय हरकत आहे..."

"एवढंच?"

"नाही."

"मग?"

"त्या हातामुळं फोटो चांगला आला होता, बाबा."

आपलंच बोलणं आपल्याच कानावर पडलं आणि केराबाईचं तोंड उघडंच राहिलं. नवरा गेला तेव्हा चार माणसांत डोळ्याला पाणी न आणलेली बाई. तकियाच्या अंगणात पाय पसरून रडली.

बाबांनी तिला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं तिनं नाक पुसलं आणि उठली. "सोपान नाही, पल्लवी नाही. तुम्ही यायची गरज नाही. मीच जाते. कडी काढली तर तोंडावर सांगते, नाही काढली तर दाराला सांगते. नाव एकच आहे. माझं."

"थांब."

बाबा गुडघ्यावर हात रोवून उठले. खोलीत गेले. भिंतीवरून काहीतरी काढल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा हातात फोटोची चौकट होती.

केराबाईनंच दिली होती, तीन वर्षांपूर्वी. ब्लॉगवर टाकलेला तिचा पहिला फोटो. दुआ मागणारे दावलबाबा. डोळे मिटलेले, गालावरून पाणी दाढीत उतरलेलं. येणाऱ्याजाणाऱ्याला आधी दिसावा, असा तो दाराच्या समोर टांगलेला असायचा.

"हा काढताना मला विचारलं होतंस?"

"नाही... तुमचे डोळे मिटले होते."

"मी का रडत होतो, ठाऊक आहे?"

"नाही."

"कधी विचारलंस?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग मोबाइल आणून मला दाखवलास. तेव्हा मी काय म्हणालो?"

केराबाईला लख्ख आठवलं. आठवलं, तसं तिनं ओठ मिटून घेतले. जगाला तोंडावर बोलणारी बाई, पण ह्या म्हाताऱ्याला ते ऐकवायला तिची जीभ वळेना.

"बोल, केरा."

"जाऊ द्या ना, बाबा."

"बोल."

"तुम्ही... हसलात. आणि विचारलंत, किती लोकांनी बघितला?"

बाबांनी चौकट तिच्या हातात दिली. फोटोची बाजू खाली करून. मग पायरीवरची आपली झिजलेली पायताणं शोधली, काठी घेतली आणि वच्छलेच्या घराची वाट धरली.

केराबाई चौकट पोटाशी धरून मागं धावली. "अहो, तुम्ही कुठं? कडी माझ्यासाठी लागलीय. मी सांगते ना माझं नाव!"

म्हातारा थांबला नाही.

"तुझं दुसरं. न विचारता काढलास, तरी मी हसलो. पहिलं सांग... दावल."