टांकसाळीतल्या पाच चिठ्ठ्या

फार जुन्या काळी एका राज्यात टांकसाळीचा एक कारभारी होता. दरवर्षी नवी नाणी किती पाडायची, हे त्याने ठरवायचं. कमी पाडली तर व्यवहार अडायचे, जास्त पाडली तर महागाई भडकायची. म्हणून तो पाच जणांना आपापल्या पद्धतीने गणित मांडायला सांगे आणि ज्या आकड्याला जास्त चिठ्ठ्या, तो पक्का करी. या युक्तीचा त्याला कोण अभिमान!

एका वर्षी चार गणितींनी लिहिलं, "चाळीस गोण्या." पाचवी जकात नाक्यावरची बाई. तिने लिहिलं, "दहाच. खेड्यांच्या बाजारात पैसा भरपूर खेळतोय."

"चार शहाण्यांपुढे हिचं काय घेऊन बसायचं!" कारभारी हसला आणि ती चिठ्ठी त्याने चुरगाळून फेकली.

सहा महिन्यांत भाव आभाळाला भिडले. एके सकाळी टांकसाळ झाडणारी म्हातारी त्याच्यापुढे उभी राहिली.

"कारभारी, म्हशीसाठी बारा वर्षं मडक्यात पन्नास नाणी साठवली. काल बाजारात गेले, तर तेवढ्या नाण्यांत शेळीसुद्धा येईना. नाणी मोजून पाहिली, एकही कमी नाही. मग माझी म्हैस गेली कुठे?"

कारभाऱ्याला कळून चुकलं. मडक्याचं झाकणही न उघडता त्याने या बाईची बारा वर्षं लुटली होती! त्याला तिच्याकडे बघवेना.

त्याने चारही गणितींना बोलावलं. "नाण्यांची टंचाई तुम्हाला दिसली कुठे?"

"राजधानीच्या कापडबाजारात," पहिला म्हणाला. "तिथले मोठे व्यापारी नगरशेट म्हणाले, दुकानात गिऱ्हाईक फिरकत नाही, लोकांच्या हाती पैसाच नसणार."

दुसरा चपापला. "मीही त्यांनाच विचारलं." उरलेल्या दोघांनी माना खाली घातल्या.

कारभाऱ्याला आता कोडं उलगडलं. गणितं चार तऱ्हांची, पण माहिती एकाच दुकानातली! आणि गिऱ्हाईक येत नव्हतं ते राजधानीकडे येणारा नदीवरचा पूल वाहून गेला म्हणून. लोक खेड्यांच्या बाजारात खरेदी करत होते आणि नाक्यावरच्या बाईला ते रोज दिसत होतं.

तो तडक राजाकडे गेला. राजा म्हणाला, "चौघांचं ऐकलंस, यात तुझा काय दोष?"

"महाराज, चौघे नव्हतेच. एकालाच मी चारदा मोजलं. दुसरं मत एकच होतं, ते मी फेकून दिलं."

राजाने नवी नाणी पाडणं थांबवलं. टांकसाळीच्या भट्ट्या दोन वर्षं बंद राहिल्या. भाव हळूहळू उतरले, पण तोवर म्हातारी हयात नव्हती.

तात्पर्य: मतं किती, हे मोजण्याआधी ती आली कुठून, हे विचारावं.