टायरांची अदलाबदल

घाटाखालच्या एका शाळेत कुंदा गावस मुलांची जीप चालवायची. जीपचे चारही टायर झिजून गुळगुळीत झाले होते. ओल्या वळणावर गाडी दोनदा घसरली, तेव्हा तिने संस्थेच्या अध्यक्षांना पालकसभेतच सांगितलं, "नवे टायर बसेपर्यंत मी मुलांना घेऊन घाट चढणार नाही."

अध्यक्ष हसले. "मी स्वतः पाहिलेत टायर. अजून वर्षभर सहज चालतील. तुला जमत नसेल तर घरी बस. तुझ्या जागी दहाजण मिळतील."

कुंदा जागची हलली नाही. "तुमचीही जीपच आहे, साहेब. टायरांचं मापही एकच. तुमचे नवे टायर मुलांच्या गाडीला लावू आणि हे तुमच्या गाडीला. वर्षभर चालणारच आहेत ना? जॅक लावू का आत्ता?"

तेवढ्यात अध्यक्षांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने पिशवी उचलली. "अदलाबदल होणार असेल तर मी आपली एसटीने जाते," त्या म्हणाल्या.

पालकांना हसू आवरलं नाही. दुपारीच चार नवे टायर आले. ते बसल्यावर कुंदाने चाकांचा एकेक नट स्वतः आवळून पाहिला आणि मगच मुलांना गाडीत बसू दिलं.