मुद्दाम हरावं का?

"अक्का, मुद्दाम हरलं तर पाप लागतं का?"

मठाच्या पडवीत अक्का वाती वळत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"कशात हरायचं?"

"मोबाईलच्या खेळात."

हर्षला लग्न होऊन या गावात आलेली. दर गुरुवारी अक्कांकडं भजन शिकायला यायची. आज टाळ तिनं हातात घेतलेच नव्हते.

"कोणाबरोबर खेळतेस?"

"माहेरच्या मैत्रिणी. एकीला लातूरकडं दिली, एकीला सुरतेला, एक तिकडं कोकणात. दुपारी भांडी आवरली, पोरं झोपली की चौघी खेळात भेटतो. आमची चौघींची टोळी. खेळतो कमी, बोलतो जास्त."

"बरं आहे की मग."

"मी नवीन, तरी भराभर वर चढले. त्यांना वर्ष लागलं, मला पंधरवडा." सांगताना तिचा चेहरा फुलला. मग उतरला. "पण आता कळलं... नवीन माणसासमोर खेळ आधी नुसते मशीनचे बाहुले उभे करतो. आपण जिंकावं, टिकावं म्हणून. इथून पुढं खरे खेळणारे येणार. मी पडले की चौघींचा डाव जाणार. दोनचारदा असं झालं, की मग कोण बोलावतंय मला?"

"म्हणून हरायचं."

"थोडं खालीच, बाहुल्यांच्यात राहायचं..."

अक्कांनी वळलेली वात ताटात ठेवली.

"लहानपणी काय खेळायचात चौघी?"

"लगोरी." हर्षला लगेच हसली. "गिरणीच्या मागं, मोकळ्या जागेत. फुटक्या कौलांच्या खापऱ्या रचायच्या. सगळीकडं गरम पिठाचा वास. दिवेलागण झाली तरी कुणी हलायचं नाही. आया हाका मारून दमायच्या."

"तू चांगली खेळायचीस?"

"मी कुठली. सगळ्यांत धाकटी. मी कच्चं लिंबू."

"म्हणजे चेंडू लागला तरी बाद नाही."

"नाही ना. आणि मारायच्या तरी कुठं? पाठीला नुसता टेकवायच्या."

"मजा होती मग."

हर्षलानं मान हलवली.

"नव्हती, अक्का. सगळ्या बाद व्हायच्या, भांडायच्या, परत यायच्या. मी आपली मध्येच उभी. मग एकदा सुमननं, ती आता सुरतेला आहे ना, तिनं खरा मारला. पाठीत, सणकून. म्हणाली, जा, बाद. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या. तशीच पळत घरी गेले. आईला म्हटलं, आज मला बाद केलं. आई म्हणाली, मग हसतेस काय?"

अक्कांनी ताटातला कापूस उचलला, दाबून दाबून त्याचा गोळा केला, आणि नेम धरून हर्षलाच्या कपाळावर मारला.

"लागला?"

"कापूस काय लागतोय, अक्का."

"मग चढलीस कुठं अजून? जा. आज खऱ्या माणसांच्यात पडून ये."