ओळखू न आलेली खिरापत

एका गावात एक तिखट कानांची मुलगी होती. नाव मथुरा, सगळ्या मैत्रिणी तिला मथी म्हणत.

तेव्हा त्या गावात भोंडला अंगणातच रंगायचा. पाटावर खडूनं काढलेला हत्ती मध्ये ठेवायचा, भोवती फेर धरायचा, आणि गाणी संपली की खिरापत. रोज एकीची पाळी. ती झाकलेला डबा घेऊन येई. आत काय आहे ते बाकीच्यांनी ओळखायचं. कुणालाच ओळखता आलं नाही, तर आणणारीचा मान मोठा. शेवटी हार कबूल करणारीनं एकटीनं गाणं म्हणायचं.

मथी डबा कानाशी धरून एकदा हलवी, की खेळ संपला. त्या वर्षी ती एकदाही हरली नव्हती.

फेरातल्या गोजराच्या पहिल्या पाळीला तर मथीनं डबा धड हातातही घेतला नव्हता, खुळखुळ ऐकूनच ती ओरडली, "फुटाणे!"

"गोजरीच्या घरात दुसरं असतंय काय?" एकजण म्हणाली. सगळा फेर खदखदून हसला. गोजराही हसली, पण फुटाणे वाटताना तिनं मान वर केली नाही.

आठ दिवसांनी तिची पाळी पुन्हा आली. मथी तिला बोलवायला गेली. दार अर्धं उघडं होतं. आत गोजरा डब्यात जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरत होती. त्यावर फुटाणे, वर पुन्हा चिंधी. डबा कानाशी धरून हलवायची, नाराज व्हायची, आणखी एक चिंधी कोंबायची.

नुकतीच शेतावरून आलेली तिची आई म्हणाली, "पुरे की गं आता! किती हलवशील?"

"आई, आज मथीला ओळखता येता कामा नये. आजही सगळ्या हसल्या, तर मी भोंडल्याला पुन्हा जायची नाही."

मथी हाक न मारताच मागे फिरली. आपला तो एक शब्द या घरात कसा ऐकू आला असेल, हे तिला आज कळलं.

गाणी झाली. डबा फिरत फिरत मथीकडे आला. चिंध्यांतूनही बारीक खुळखुळ येत होती. गोजरा मथीच्या तोंडाकडे बघत होती.

"साखरभात?" मथी म्हणाली.

"मथे, साखरभात वाजतो होय गं?" एकीनं विचारलं.

"मग तूच सांग, शहाणे!"

चिवडा झाला, लाडू झाले. फेरातली सगळ्यांत धाकटी सोनी म्हणाली, "फु..."

"करंज्या!" मथी ओरडली. मग तिनं डबा खाली ठेवला. "हरले बाई मी. गोजरे, सांग."

गोजरानं झाकण उघडलं. "फुटाणे!" पेढे आणल्यासारखी ती ओरडली. सगळ्या पुन्हा हसल्या, पण आज गोजरा सगळ्यांत मोठ्यानं हसली.

ठरल्याप्रमाणे मथी एकटी गाणं म्हणायला उभी राहिली. पहिली ओळ झाली. तेवढ्यात गोजरानं येऊन तिचा हात धरला, आणि दुसरी ओळ दोघींनी मिळून म्हटली.

तात्पर्य: आपल्या शब्दानं दुसऱ्याला कुठं लागतं, हे लांबून कळत नाही, घटकाभर त्याच्या जागी उभं राहून पाहावं. आणि एकदा कळलं, की आपली जीत सोडून द्यायला कचरू नये.