चिमाऊची रुपाडी

पाहुणे, ती बाटली आधी बाजूला ठेवा. या झुडपांना पाणी घालायचं नाही. तुम्ही चांगल्या मनानं घालत होतात, मला कळतं. पण याच पाण्यापायी या टेकडीवर एका बाईचा छळ झालाय.

हा उतार बघा. चांदीची राख फासल्यासारखी ही झुडपं, बारा महिने अशीच. आम्ही यांना रुपाडी म्हणतो. पावसाळ्यात आलात तर एकेका झुडपावर काठ्या रोवून इरलं चढवलेलं दिसेल, लावणीला बाया पाठीवर घेतात तेच बांबूचं आणि पानांचं. झाडांना इरली घालणारं गाव म्हणून आजूबाजूचे हसतात. त्यांना हकिगत ठाऊक नसते.

किल्ल्यावर हवालदार असायचे त्या काळातली ही गोष्ट, असं सांगतात. चिमाऊ नावाची एक विधवा माळीण गावात राहायची. बंदरावरून घाट चढून आलेला एक परदेशी सौदागर तापानं तिच्या अंगणात कोसळला. तिनं त्याला महिनाभर पेज पाजून उभा केला. जाताना त्यानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली एक फांदी तिला दिली. म्हणाला, "माझ्या मुलखातलं झाड आहे. ऊन भरपूर दे. पायाशी दगड घाल. पाय मात्र ओले राहू देऊ नकोस."

तिनं या मुरमाड उतारावर फांदी लावली. फुलं सरली की कोवळे शेंडे छाटायची, जुन्या लाकडाला कोयता लावायची नाही. छाटलेल्या फांद्यांतून नवी रोपं करायची. पावसाळ्यात वारा खेळता राहील अशा बेतानं वर इरली धरायची. सात वर्षांत चाळीस झुडपं झाली म्हणे. याचा पाला लुगड्यांच्या घडीत ठेवला की कसर लागत नाही. गावातली प्रत्येक बाई तिच्याकडून मूठभर घेऊन जायची.

किल्ल्याचा हवालदार सुभानजी. एकदा त्याची नजर उतारावर पडली. दुसऱ्या दिवशी माणसं आली आणि चाळीसही झुडपं उपटून घेऊन गेली. विचारलं नाही, सांगितलं नाही. किल्ल्यातल्या विहिरीजवळ काळ्या मातीत ती लावली आणि दिवसातून तीनदा मोट सोडली.

चिमाऊ दरवाज्यापर्यंत गेली. म्हणाली, "सरकार, झाडं नेलीत ती नेलीत. पण पाणी तोडा. मरतील ती."

"माळणी, माझ्या विहिरीला पाणी कमी आहे काय?" असं म्हणून तो हसला.

महिन्याभरात मुळं कुजली. पानं काळी पडून गळाली. आणि या माणसानं काय करावं? म्हणे चिमाऊनं चेटूक केलं! सगळ्या गावाला दरवाज्यासमोर बसवलं आणि हुकूम सुनावला: हिला कुणी छपराखाली घ्यायचं नाही, कुणी भाकरी द्यायची नाही.

झाडं कशानं मेली ते तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याला दिसत होतं. एकही बोलला नाही. पाटील खाली बघत राहिला. आमचा रासकरांचा पूर्वज तिचा सख्खा दीर, तोही खाली बघत राहिला. हे सांगताना माझी अजून मान वर होत नाही.

आषाढ लागला होता. चिमाऊ टेकडीवर आली. दगडाखाली अडकून राहिलेल्या एका मुळाला दोन पानं फुटली होती. तिच्याकडे एकच इरलं होतं. ते तिनं त्या पानांवर धरलं आणि स्वतः पावसात बसली. दोन दिवस ती तशीच बसून होती, असं सांगतात.

तिसऱ्या दिवशी गावातल्या बाया निघाल्या. नवऱ्यांनी अडवलं, तरी निघाल्या. त्यांनी तिला भाकरी दिली, तिच्यावर इरली धरली, झोपडी बांधली. हवालदाराचे शिपाई आले तेव्हा पाटलाचीच सून पुढं झाली. "हिला उठवायचं तर आधी आम्हाला उठवा," म्हणाली. साठ बाया होत्या. शिपाई परत गेले.

पाऊस सरल्यावर गावकरी तिला न्यायला आले, नारळ घेऊन. चिमाऊ म्हणाली, "माझी झाडं नेली त्याचा राग विझेल. तुम्ही गप्प बसलात त्याचा विझणार नाही." पुढं वीस वर्षं ती जगली, हा उतार तिनं पुन्हा भरून टाकला, पण गावात पाऊल ठेवलं नाही.

आजही मृगाच्या आदल्या दिवशी गावचे पुरुष इरली विणून अनवाणी वर येतात आणि कुंपणाबाहेर थांबतात. आत बायाच जातात. मग एकेका पुरुषानं मोठ्यानं म्हणायचं, "चिमाऊ, आम्ही गप्प बसलो." माफी मागायची नाही. तिनं दिली नव्हती. सरपंच असो की मामलेदार, म्हटल्याशिवाय कुणी खाली उतरत नाही. मी साठ वर्षं म्हणतोय, आणि दर वर्षी माझा आवाज संतापानं फाटतो.