फाडलेले पान

फार वर्षांपूर्वी एका व्यापारी शहरात एक वृद्ध परीक्षक राहत असत. दात्यांनी काढलेली लोकोपयोगी कामे खरोखर कोणाच्या उपयोगी पडतात का, हे पाहून सांगणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांचे खरे बोलणे कोणाला रुचत नसे, त्यामुळे त्यांच्या घरी सहसा कोणी फिरकत नसे. सोबतीला एक शिष्य तेवढा होता.

एकदा एका शेठजींनी त्यांना बोलावले. डोंगराकडच्या गावात शेठजींनी निराधार स्त्रियांसाठी हातमागशाळा काढली होती आणि तिचा कारभार गावातल्या एका मुकादमाकडे सोपवला होता. “अहवाल चांगला आला, तर आणखी दहा गावांचं काम तुम्हालाच,” ते म्हणाले.

गावात बायकांनी पाहुण्यांना ओवाळले, शाळेची स्तुती केली. मात्र सूत रंगवणाऱ्या बाईने शिष्याला हळूच सांगितले, “आधी मुकादमाच्या शेतात फुकट राबायचं, मग सूत मिळतं. माझं नाव नका घेऊ, दादा.” तिचे नाव मीही सांगत नाही.

शिष्याने नाव वगळून ‘रंगकाम करणारी स्त्री’ असे लिहिले आणि तिचे शब्द जसेच्या तसे उतरवले. गुरूंनी ते पान वाचले आणि फाडून टाकले.

“दहा गावांसाठीच ना?” शिष्याने विचारले.

“तू पुढे हो. मला इथे थोडं काम आहे.”

शिष्य रागाने परतला. गुरू आठ दिवस देवळाच्या ओवरीत राहिले. रोज सकाळी मुकादमाच्या शेताच्या बांधावर बसत, दुपारी शाळेच्या दाराशी. मुकादमाच्या भीतीने त्यांच्याशी कोणी बोलेना.

पुढे शेठजींच्या बैठकीत, शिष्याच्या देखत, त्यांनी सारे सांगितले. शेठजींचा चेहरा उतरला. “कोणत्या बाईनं सांगितलं हे?”

“मी सांगतोय. आठ दिवस डोळ्यांनी पाहिलं. सकाळी जी शेतात राबली, तिलाच दुपारी सूत मिळालं. अहवालाखाली माझी सही आहे.”

शिष्याने मान खाली घातली.

मुकादमाला काढून टाकले आणि सूतवाटप बायकांच्या हाती आले. दहा गावांचे काम मात्र दुसऱ्याच परीक्षकाला मिळाले.

काही महिन्यांनी गुरुशिष्य त्या गावच्या बाजारातून जात होते. सूत रंगवणारी ती बाई समोरून आली. गुरू क्षणभर थबकले. परक्याकडे पाहावे तसे त्यांच्याकडे पाहून ती पुढे निघून गेली.

शिष्याला राहवेना. “तिच्यासाठी एवढं केलंत, आणि साधा नमस्कारही नाही?”

गुरू म्हणाले, “या गावात सूत रंगवणारी ती एकटीच. नाव वगळूनही तू तिला ओळखू येईल असंच लिहिलं होतंस. मुकादम गेला, पण त्याचे भाऊ इथेच आहेत. आपण अहवाल देऊन घरी जातो, तिला इथेच राहायचं असतं. तिने ओळख दिली नाही, म्हणजे ती सुरक्षित आहे.”

“मग तुम्हाला काहीच वाटलं नाही?”

“वाटलं ना. बरे आहात का, एवढं तरी कोणी विचारावं, असं वाटतंच.”

गर्दीतून चालताना शिष्याने प्रथमच गुरूंचा हात धरला.