रांजणखळग्यातली मासोळी

नदीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्यात नदी आटली आणि खडकातल्या रांजणासारख्या खळग्यात एक पोटुशी मासोळी अडकली.

“घाबरू नकोस, बाई,” काळा खडक म्हणाला. “मी आगीच्या लोंढ्यातून एका दमात घडलो. जग असंच बदलतं. पुराची वाट बघ.”

“तोवर पाणी पुरेल का?”

तळातला गोटा म्हणाला, “खाली ये, पोरी. दर पावसाळ्यात गरगर फिरून मीच हा खळगा खोल केलाय.”

खडक हसला. “तू? जात्यातला दाणा!”

“दाणा नव्हे दादा, जातं.”

देवाचं नाव घेत मासोळी तळाशी गेली. वरचं पाणी आटलं, तळातलं टिकलं. मग पूर आला.

दोघांपुढे माथा टेकवून ती बाहेर पडली, तेव्हा मागून खडकाचा आवाज आला, “फिर रे, गोट्या. पुढच्या उन्हाळ्यासाठी अजून थोडं खोल कर.”